कार्नुस्टी: शेवटच्या ओढ्यापर्यंत काही खरं नाही

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडीपासून आगगाडीने साधारण पाव तासावर कार्नुस्टी नावाचं छोटं गाव आहे. डोळ्यांत भरावं असं इथे फारसं काही नाही. समुद्रकाठची सपाट रेताड जमीन, वाऱ्यानं दबलेलं गवत आणि शेजारी लष्कराचं सरावक्षेत्र. पण ‘ओपन’ स्पर्धेच्या मैदानांत सर्वांत कठीण कोणतं, असं गोल्फच्या जाणकारांना विचारलं तर बरेच जण याच गावाचं नाव घेतील.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अॅलन रॉबर्टसननं इथे दहा होल आखले, ओल्ड टॉम मॉरिसनं ते अठरा केले आणि 1926 मध्ये जेम्स ब्रेडनं मैदानाला आजचं रूप दिलं. 1931 ते 2018 या काळात ओपन इथे आठ वेळा झाली. 1953 मध्ये बेन होगन हा अमेरिकन आयुष्यात एकदाच ओपन खेळायला आला, जिंकला आणि पुन्हा आला नाही. सहाव्या होलला आता त्याचंच नाव आहे.

मैदान अवघड का? लांबी हे एक कारण. स्पर्धेच्या वेळी ते 7,400 यार्डांपर्यंत जातं. उभ्या भिंतींचे खोल बंकर हे दुसरं. वाराही आहेच, आणि होलांच्या दिशा बदलत राहिल्यामुळे तो कधी पाठीवर, कधी तोंडावर येतो. तरी खरा वैरी म्हणजे बॅरी बर्न हा ओढा. रुंदीला किरकोळ, पण सतराव्या आणि अठराव्या होलवर वळणं घेत नेमका आडवा येतो.

1999 मध्ये फ्रान्सचा जाँ वान दे वेल्दे अठराव्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता. सहा फटक्यांत होल संपवला असता तरी चषक त्याचाच. त्याचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडला लागून उलटा फिरला, तिसरा ओढ्यात गेला. गडी बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, चेंडू तिथूनच मारावा का याचा विचार करत राहिला. सात फटके लागले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. 2007 मध्ये पाड्रिग हॅरिंग्टननं याच होलवर दोनदा चेंडू ओढ्यात घातला आणि तरीही प्लेऑफमध्ये जिंकला. थोडक्यात, इथे आघाडीवर कुणी विसंबू नये.

जायचं ठरवत असाल तर पहिली चांगली बातमी: हे मैदान निव्वळ सभासदांचं नाही, पैसे भरून बाहेरचा पाहुणाही खेळू शकतो. फी मात्र जबर आहे आणि उन्हाळ्यातल्या वेळा फार आधी भरतात. हँडिकॅपची अट आरक्षणापूर्वीच विचारून घ्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते, तेव्हा खेळायची आशा नको. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड राहतो, तरी वाऱ्या-पावसाला पुरेल असं जाकीट बरोबर हवंच. पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, कॅडीत नको. आंधळे बंकर त्यालाच ठाऊक असतात. अहंकार आवरता येत असेल तर पुढच्या टीवरून खेळा. मागच्या टीवरून खेळण्यात आपल्यासारख्यांना मौज कमी, चेंडू शोधणंच जास्त.

बरोबरच्या मंडळींना गोल्फ नको असेल, तर त्याच रेल्वेमार्गावर पुढे आर्ब्रोथ आहे. तिथला जुना मठ पाहावा आणि धुरावलेला हॅडॉक मासा खावा. कोकणातल्या माणसाला तो परका वाटणार नाही.

टे नदीपलीकडच्या सेंट अँड्र्यूजला ओल्ड कोर्ससाठी दोन दिवस आधी चिठ्ठ्या टाकतात. तुमची चिठ्ठी निघेलच असं नाही. म्हणून आधी कार्नुस्टीची वेळ पक्की करा, मग बाकीचा दौरा आखा.