आंतरपर्शुक स्नायूंचे प्रतिक्षेपी नियंत्रण

लागोपाठच्या दोन फासळ्यांमधील (पर्शुकांमधील) जागा भरून काढणाऱ्या स्नायूंना आंतरपर्शुक स्नायू म्हणतात. मध्यपटल (छाती व उदर यांना विभागणारा स्नायुमय पडदा) आणि हे स्नायू मिळून सस्तन प्राण्यांचे श्वसन घडवून आणतात. श्वसनाची मूळ लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत निर्माण होते. तथापि प्रत्येक श्वासाच्या वेळी किती जोर लावावयाचा, हे ठरविण्यात खुद्द छातीच्या भित्तीतून आणि फुप्फुसांतून येणाऱ्या संवेदनांचा मोठा वाटा असतो. इच्छेवाचून व बहुधा जाणिवेवाचून घडणाऱ्या या समायोजनास प्रतिक्षेपी नियंत्रण असे म्हणतात.

रचना व कार्य : मनुष्यात फासळ्यांच्या बारा जोड्या असून त्यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस अकरा आंतरपर्शुक जागा असतात. घोड्यात फासळ्यांच्या साधारणपणे अठरा, तर गाय व कुत्रा यांत तेरा जोड्या असतात. बाह्य आंतरपर्शुक स्नायूंचे तंतू वरून खाली व पुढे, तर अंतःस्थ स्नायूंचे तंतू वरून खाली व मागे असे तिरपे जातात. त्यांच्याही आत एक पातळ थर असतो. प्रत्येक जागेतील स्नायूंना मेरुरज्जूच्या त्या त्या वक्षीय खंडातून निघणारी तंत्रिका (मज्जातंतू) मिळते.

या दोन थरांच्या कार्याविषयी अठराव्या शतकात हांबेर्गर व हालर या शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. बाह्य स्नायू फासळ्या वर उचलून श्वास आत घेण्यास व अंतःस्थ स्नायू त्या खाली ओढून उच्छ्वासास मदत करतात, असे हांबेर्गर यांचे मत होते. हालर यांच्या मते दोन्ही थर अंतःश्वसनाचेच होते. आंद्रे द ट्रॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रा व मनुष्य यांविषयी केलेल्या मोजमापांवरून असे दिसून आले की, स्नायूचा परिणाम त्याच्या थराप्रमाणेच छातीतील त्याच्या जागेवरही अवलंबून असतो. उरोस्थीलगतचे अंतःस्थ तंतू अंतःश्वसनच घडवितात, तर इतरत्र तोच थर मुख्यतः उच्छ्वासाचा असतो. धड वळविणे, खोकणे, बोलणे व गाणे यांतही हे स्नायू भाग घेतात. गायक दीर्घ स्वर लावतो तेव्हा प्रारंभी बाह्य स्नायू ताणलेले राहून छातीचे आकुंचन आवरून धरतात. त्यामुळे हवा एकदम निसटून जात नाही.

स्नायुतर्कू व भार-समायोजन : आंतरपर्शुक स्नायूंत स्नायुतर्कू नावाचे सूक्ष्म ग्राही विपुल असतात, मध्यपटलात ते फारच थोडे असतात. तर्कूमध्ये बारीक स्नायुतंतूंचा जुडगा असून त्याच्या मध्यभागाभोवती संवेदी तंत्रिकेची टोके गुंडाळलेली असतात. मेरुरज्जूतील मोठ्या (आल्फा) प्रेरक कोशिका मुख्य स्नायूला, तर लहान (गॅमा) प्रेरक कोशिका तर्कूतील तंतूंना आकुंचित करतात. क्रिचलो व ऑयलर यांनी 1963 मध्ये आणि सिअर्स यांनी 1964 मध्ये मांजरावर केलेल्या प्रयोगांतून असे स्पष्ट झाले की, श्वसनात या दोन्ही प्रकारच्या कोशिका एकाच वेळी कार्यान्वित होतात.

या व्यवस्थेचा उपयोग पुढीलप्रमाणे होतो. श्वास सुरळीत चालू असता मुख्य स्नायू व तर्कू सारख्याच प्रमाणात आखूड होतात आणि तर्कूवर विशेष ताण पडत नाही. परंतु श्वासमार्ग अरुंद झाला, छातीवर वजन आले किंवा फुप्फुसे ताठर झाली, तर मुख्य स्नायू अपेक्षेइतका आखूड होऊ शकत नाही. तर्कूतील तंतू मात्र आकुंचन पावतातच. त्यामुळे तर्कूचा मध्यभाग ताणला जातो, तेथून निघालेले संदेश पश्चमूलामार्गे मेरुरज्जूत पोहोचतात व त्याच स्नायूच्या आल्फा कोशिकांना अधिक उत्तेजित करतात. परिणामी स्नायूचा जोर वाढतो. ही क्रिया सेकंदाच्या अल्पांशात घडते. रक्तातील ऑक्सिजन वा कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण बदलण्याची वाट तिला पाहावी लागत नाही. मनुष्यात अकस्मात भार पडल्यास स्नायूची क्रिया प्रथम क्षणभर मंदावते व नंतर वाढते, असे न्यूसम डेव्हिस व सिअर्स यांनी 1970 मध्ये दाखविले. वक्षीय पश्चमूले कापली असताही प्रेरक कोशिकांतील श्वसनाची लय टिकून राहते. यावरून लय मेंदूची, तर जोराचे मापन पुष्कळसे मेरुरज्जूचे, असे म्हणता येईल.

अपेक्षित आकुंचन व प्रत्यक्ष आकुंचन यांतील ही तफावत मेंदूपर्यंतही कळविली जाते. धाप लागल्याची जाणीव बव्हंशी या तफावतीतून उद्‌भवते, असा विचार कॅम्बेल व हॉवेल यांनी 1963 मध्ये मांडला.

फुप्फुसांतून येणारे प्रतिक्षेप : फुप्फुसे फुगली की त्यांतील ताणग्राहींचे संदेश प्राणेशा तंत्रिकेतून लंबमज्जेत जातात आणि अंतःश्वसन थांबवितात. हेरिंग व ब्रॉयर यांनी 1868 मध्ये वर्णिलेला हा प्रतिक्षेप नवजात अर्भकात प्रभावी असतो. प्रौढ मनुष्याच्या नेहमीच्या श्वसनात त्याचा प्रभाव अल्प असतो. केशवाहिन्यांलगतच्या ‘जे’ ग्राहींचा शोध भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक ऑतार सिंग पैंटल यांनी लावला. फुप्फुसात द्रव साचू लागला की हे ग्राही उद्दीपित होतात आणि श्वास उथळ व जलद होतो.

इतर प्राण्यांतील स्थिती : सापांना मध्यपटल नसल्यामुळे त्यांचे श्वसन फासळ्यांच्या हालचालींवरच चालते. भक्ष्यास विळखा घालताना बोआ जातीच्या सापाचा पुढील भाग दाबला गेला, तर तो मागील फासळ्या हलवून श्वास घेतो, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. सरड्यांमध्ये धावणे व श्वास घेणे ही दोन्ही कामे धडाच्या त्याच स्नायूंना करावी लागत असल्याने धावताना श्वसनात अडथळा येतो. घोरपड घशाच्या साहाय्याने हवा आत ढकलून ही अडचण काही अंशी दूर करते. कासवाच्या फासळ्या कवचाशी एकजीव झालेल्या असल्याने तेथे अशा हालचालीस वावच नसतो.

अर्भकातील महत्त्व : नवजात अर्भकाच्या फासळ्या मऊ व जवळजवळ आडव्या असतात. मध्यपटल खाली ओढले जात असता छातीची भित्ती आत खचू न देणे, हे आंतरपर्शुक स्नायूंचे येथे मुख्य काम असते. नेत्रांच्या जलद हालचाली होत असलेल्या निद्रावस्थेत या स्नायूंचा ताण नाहीसा होतो. तर्कू विरळ असलेले मध्यपटल मात्र कार्य करीत राहते. अर्भकाच्या झोपेचा सुमारे निम्मा काळ याच अवस्थेत जातो. छाती अशी खचली की आंतरपर्शुक संवेदी तंत्रिकांतून निघणाऱ्या प्रतिक्षेपाने मध्यपटलाची क्रियाही अकाली थांबते व श्वास तोकडा पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकास हा धोका अधिक असतो.

न्यूमोनियात फुप्फुस ताठर झाले की मध्यपटल जोराने आकुंचन पावते आणि वर सांगितलेले समायोजन अपुरे पडल्यास श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. हे लक्षण आणि श्वासाची वाढलेली गती ही दोन्ही कोणत्याही उपकरणावाचून ओळखता येतात. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटास 60, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 व एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास ही जलद श्वसनाची जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली मर्यादा आहे. मात्र अगदी लहान अर्भकात छाती किंचित आत जाणे स्वाभाविक असते. त्यात ठळक खचणेच गंभीर मानतात.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील आरोग्यसेवक व सुईणी यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे व प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले. या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांत 17.5, तर प्रयोगाच्या गावांत 8.1 होते.

विकृती : मेरुरज्जूस मानेच्या खालच्या भागात इजा झाल्यास आंतरपर्शुक स्नायू लुळे पडतात, मध्यपटलाची तंत्रिका त्याहून वरच्या खंडांतून निघत असल्याने ते चालू राहते. प्रारंभी श्वास घेताना छातीचा वरचा भाग आत जातो. काही आठवड्यांनंतर मेरुरज्जूतील प्रतिक्षेप तीव्र होऊन हे स्नायू ताठर बनतात व छातीस थोडा आधार मिळून श्वसन काहीसे सुधारते. जोरकस खोकला मात्र परत येत नाही; त्यामुळे कफ साचण्याचा धोका कायम राहतो.

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या मण्यार सापाच्या विषाने तंत्रिका व स्नायू यांमधील संधी निकामी होते. प्रतिक्षेपाचा मार्ग शाबूत असूनही त्याचा शेवटचा दुवा तुटल्याने आंतरपर्शुक स्नायू व मध्यपटल दोन्ही थांबतात. हा दंश बहुधा रात्री झोपेत होतो व जागी वेदना वा सूज फारशी नसल्याने तो ध्यानात येत नाही. अशा रुग्णास प्रतिविषाबरोबरच कृत्रिम श्वसन द्यावे लागते. संधी पुन्हा कार्यक्षम होईपर्यंत, म्हणजे कधी कधी अनेक दिवस, ते चालू ठेवल्यास रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.