संडे स्कूल: ४५ मिनिटं, एक वर्ग आणि ९९ मेंढरं

सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो आणि रविवारी सकाळी पुण्यातल्या आमच्या मराठी चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. आजचा भाग त्यावरच. लहान मुलांना शिकवताना नेमकं काय अवघड जातं, आणि तरी दर रविवारी परत जावंसं का वाटतं?

आधी थोडा इतिहास. या शाळांच्या चळवळीचं श्रेय रॉबर्ट रेक्स यांना दिलं जातं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात ते वर्तमानपत्र चालवायचे. १७८० च्या सुमाराला त्यांनी गरीब, कामाला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली. त्या मुलांना मोकळा दिवस एकच, रविवार. म्हणून त्या दिवशी वाचायला शिकवायचं, आणि पुस्तक बायबल. आज उलटं झालंय. आमची मुलं आठवडाभर शाळा, क्लास करून येतात आणि रविवारी पुन्हा 'स्कूल'. वैतागणारच ना!

पहिली अडचण वयाची. वर्ग एकच, आणि त्यात चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत सगळे. मोठ्यांना गोष्ट आधीच माहीत असते, छोट्यांना शू लागलेली असते. दुसरी अडचण भाषेची. बरीच मुलं इंग्लिश मीडियमची. 'दृष्टांत', 'पश्चात्ताप' म्हटलं की चेहरे कोरे. या वयात नुसते शब्द पोचत नाहीत, हातात धरता येणारी वस्तू पोचते. म्हणून मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत असेल, तर मी घरच्या मसाल्याच्या डब्यातली मोहरी नेतो. प्रत्येकाच्या तळहातावर एक दाणा. निम्मे दाणे पाच मिनिटांत जमिनीवर असतात, ते सोडा!

आता मजा ऐका. लूकच्या १५ व्या अध्यायात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ ९९ रानात सोडून त्याला शोधायला जातो. सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "दादा, मग त्या ९९ ना लांडग्याने खाल्लं तर?" आमच्या टेस्टिंग टीमलाही अशी केस सुचली नसती. गोष्टीत याचं उत्तर नाही, आणि मी तिला तेच सांगितलं. तोडगा मोठ्या मुलांनी काढला: "आम्ही कडेने उभे राहतो, छोट्यांना मध्ये घेतो." वयाचा प्रश्न त्यांनीच सोडवला की!

मग खेळ सुरू झाला. हरवलेलं मेंढरू व्हायला उठला तो मुलगा, जो कित्येक महिने वर्गात एक शब्द बोलला नव्हता. तो पडद्यामागे लपला. अख्खा वर्ग त्याचं नाव घेत शोधत होता. सापडल्यावर पोरगं खदखदून हसलं. पुढच्या रविवारी दारातच विचारतो, "दादा, आज पण मीच हरवू?"

त्या दिवशी वचन पाठ करायचं राहिलं. घरी जाताना पालक तेच विचारतात, आणि त्यांचंही चूक नाही. पण तुम्ही असा वर्ग घेत असाल, तर हातात द्यायला काहीतरी न्या, मोठ्यांना काम द्या आणि प्रश्न आला की थांबा. वचन पुढच्या रविवारीही पाठ होतं.

चला, भेटू पुढच्या भागात!