मुंबई टोळ

‘टोळधाड’ हा शब्द आमच्या शेतकरी घरात शिवीसारखा वापरतात. परंतु सगळे टोळ एका जातीचे नसतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. २०२० साली विदर्भात उतरले ते वाळवंटी टोळ. आपल्या सह्याद्रीशी जुने नाते आहे ते ‘मुंबई टोळा’चे.

याचे बरेचसे आयुष्य झाडांवर जाते. पावसाने जमीन ओलावली म्हणजे मादी मातीत अंडी घालते. काही आठवड्यांनी बिनपंखी पिले निघतात, गवत व कोवळी पिके खातात आणि पुन्हा पुन्हा कात टाकून पावसाळ्याअखेर पंख धारण करतात. हे नवे टोळ लगेच अंडी घालीत नाहीत. अख्खा हिवाळा व उन्हाळा ते झाडाझुडपांच्या आश्रयाने काढतात. वर्षाला पिढी एकच!

१९०१ ते १९०८ या काळात त्यांच्या धाडींनी मुंबई इलाख्यातील शेतकरी हैराण झाला. कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉय यांनी या टोळावर १९०६ मध्ये अहवाल लिहिला. थंडीत थव्यांचा मुक्काम पश्चिम घाटाच्या जंगलात असे. पुढे तशी धाड आली नाही. टोळ मात्र नाहीसा झालेला नाही, तो एकेकटा राहतो.

माझे वडील मृगाच्या ज्या पावसाची वाट पाहतात, त्याचीच वाट हा टोळही पाहतो. तेव्हा धाड आल्यावर डबे बडविण्यापेक्षा, त्याचे वर्षाचे वेळापत्रक आधीच ठाऊक असणे शेतकऱ्याच्या हिताचे, असे मला वाटते.