फुटबॉल-संघांच्या खर्चाला मर्यादा : न्याय आणि कायदा

कुस्तीत वजनगट का असतात, हे कोणासही समजावून सांगावे लागत नाही. नव्वद किलोच्या मल्लापुढे साठ किलोचा पोर उभा केला, तर त्याला आपण कुस्ती म्हणत नाही. परंतु हीच गोष्ट अंगबळाऐवजी द्रव्यबळाविषयी निघाली, की मतभेद सुरू होतात. एखाद्या फुटबॉल-संघाच्या मालकापाशी अपार संपत्ती आहे, ती तो आपल्या खेळाडूंवर खर्च करू इच्छितो. मग त्याचा हात धरणारे आपण कोण? आणि खेळाडूला कोणी दुप्पट वेतन देऊ करीत असता, ते घेऊ नकोस असे त्याला सांगण्याचा अधिकार तरी कोणास आहे? हा प्रश्न युरोपातला म्हणून दूर सारता येत नाही. आमच्या अंधेरीतच, शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात, मुंबई सिटी हा संघ २०१६ पासून आपले सामने खेळत आला आहे, आणि त्याच्या इतिहासात या प्रश्नाची बहुतेक अंगे पाहावयास मिळतात.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तीत प्रत्येक संघाच्या खेळाडूंवरील एकूण वेतनखर्चास एक कमाल आकडा ठरवून देण्याची पद्धत पडली. २०२०-२१ च्या हंगामात हा आकडा साडेसोळा कोटी रुपये होता. संघ कोलकात्याचा असो वा गुवाहाटीचा, मालक उद्योगपती असो वा चित्रपटतारा, आकडा सर्वांना एकच.

अशी मर्यादा घालणारे दोन हेतू सांगतात. पहिला हेतू चुरशीचा. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना कोण पाहील? इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी बुडाला तर दुकानदारास आनंद होतो. खेळात मात्र प्रतिस्पर्धी नाहीसा झाला की आपलेही दुकान बंद होते. खेळाच्या अर्थशास्त्रातला हा विशेष ध्यानी घेतल्यावाचून पुढचा सारा वाद कळावयाचा नाही. दुसरा हेतू संघाच्या आयुष्याचा. आपल्या मुंबईत महिंद्र युनायटेड हा संघ होता. २००५-०६ साली त्याने राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मिळविले, आणि २०१० साली तो विसर्जित झाला. तो कर्जात बुडाला नव्हता; चालविणाऱ्या कंपनीने आपले धोरण बदलले आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविले, इतकेच. जो संघ स्वतःच्या उत्पन्नावर न जगता दात्याच्या थैलीवर जगतो, त्याचे आयुष्य त्या दात्याच्या मर्जीइतकेच असते.

आता मर्यादा एकाच जातीची नसते, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडील मर्यादा सरसकट समान आकड्याची. युरोपची ‘युएफा’ ही संस्था निराळ्या मार्गाने गेली. तिने २०११ पासून असा दंडक घातला की, संघाने फुटबॉलमधून जे मिळविले त्याच्या फारसे बाहेर जाऊन खर्च करू नये. पुढे २०२२ साली हे नियम बदलले आणि खेळाडू व प्रशिक्षकांचे वेतन, बदलीची रक्कम व दलालांची दस्तुरी मिळून होणारा खर्च उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांत बसवावा असे ठरले. प्रथम ९०, मग ८० आणि २०२५ पासून ७० टक्के. दिसावयास हा नियम सोज्वळ आहे. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या घरांतूनही शिकविले जाते. परंतु थोडे गणित करून पाहा. शंभर रुपये मिळविणाऱ्यास सत्तर खर्चिता येतात, दहा मिळविणाऱ्यास सात. धाकट्याला थोरला होण्याचा मार्ग मात्र बाहेरून भांडवल आणण्याचाच होता, आणि तोच या नियमाने अरुंद केला. काटकसरीचा नियम आणि बरोबरीचा नियम या दोन वस्तू भिन्न आहेत. माझ्या मते सर्व घोटाळा या दोहोंस एकच नाव देण्यातून उत्पन्न होतो.

योगायोग असा की, ज्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, त्याच समूहाचा मँचेस्टर सिटी हा संघ युरोपातील या वादाच्या मध्यभागी होता. फेब्रुवारी २०२० मध्ये युएफाने त्यास दोन वर्षे युरोपीय स्पर्धांतून बाहेर काढले आणि तीन कोटी युरो दंड केला. जुलैमध्ये लोझान येथील क्रीडा लवादाने काही आरोप सिद्ध न झाल्याने व काही मुदतबाह्य ठरल्याने बंदी उठविली व दंड एक कोटीवर आणला.

त्याच वर्षी मुंबईत काय घडले? २०१९-२० च्या हंगामात गोव्याच्या एफसी गोवा संघाने साखळीत पहिले स्थान मिळविले होते. त्या संघास घडविणारे सर्जिओ लोबेरा हे प्रशिक्षक मुंबईकडे आले. पाठोपाठ मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि खुद्द गोव्याचा मंदार राव देसाई हेही आले. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतील ढाल आणि अंतिम करंडक दोन्ही जिंकले. आम्हा अंधेरीकरांस आनंद झाला, हे कशाला लपवू? परंतु गोवेकराच्या बाजूने पाहावे, तर वेतनाचा कमाल आकडा दोन्ही संघांस सारखाच होता, आणि तरीही त्याच्या संघाचा कणा निघून गेला. खेळाडूंच्या वेतनावरील मर्यादा वेतनालाच आवरते. प्रशिक्षकाची विद्या, जगभर पसरलेल्या समूहाची ओळख, मोठ्या शहराची ओढ, यांस ती आवरू शकत नाही.

पैसा तर पाण्यासारखा फट शोधतोच. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये जानेवारी २०१० च्या लिलावात एका संघास साडेसात लाख डॉलरांच्या वर बोली लावता येत नव्हती. कायरन पोलार्डसाठी अनेक संघ तेथवर पोहोचले, तेव्हा बंद लिफाफ्यातून गुप्त रक्कम मागविण्यात आली, आणि मुंबई इंडियन्सने बाजी मारली. वरची रक्कम खेळाडूच्या हाती न पडता लीगकडे जाई. ज्याच्या कौशल्यासाठी ही चढाओढ, त्याच्या पदरात मात्र मर्यादेइतकेच!

येथे कायदा उभा राहतो. इंग्लंडात १९०१ पासून फुटबॉलपटूचे वेतन आठवड्यास चार पौंडांहून अधिक नसावे असा नियम होता. तो वाढत वाढत वीस पौंडांवर आला आणि खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर जानेवारी १९६१ मध्ये रद्द झाला. दोन वर्षांनी, ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात, करार संपूनही खेळाडूस अडवून ठेवण्याची पद्धत हा धंद्यावरील अवाजवी निर्बंध आहे असे न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ठरविले. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम हेच तत्त्व अधिक कडकपणे सांगते : कायदेशीर व्यवसाय करण्यास अटकाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. त्याच्या जोडीस २००२ चा स्पर्धा कायदा आहे. क्रीडासंस्था या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत, हे स्पर्धा आयोगाने २०१३ साली क्रिकेट नियामक मंडळास सुमारे ५२ कोटींचा दंड ठोठावून दाखविले. तो निर्णय अपिलात रद्द झाला, पण २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच दंड केला.

तर मग वेतनमर्यादा बेकायदा काय? इतके सोपे नाही. त्याच २०१३ साली धनराज पिल्ले आदी माजी हॉकीपटूंनी हॉकी इंडियाविरुद्ध केलेली तक्रार आयोगाने बहुमताने फेटाळली. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळण्यास खेळाडूंना मनाई करणारे नियम खेळाच्या व्यवस्थेस आवश्यक व प्रमाणशीर आहेत, असे आयोगाचे मत पडले. म्हणजे कसोटी ही की, हेतू खेळाच्या हिताचा आहे काय, आणि निर्बंध त्या हेतूपुरताच आहे काय.

यात मी आणखी एक कसोटी घालीन : ज्याच्या वेतनाला कात्री लागते, त्याला विचारले होते काय? अमेरिकेत वेतनमर्यादा टिकतात, कारण त्या खेळाडूंच्या संघटनेशी सौदा करून ठरतात, आणि बदल्यात संघांनी निदान इतका खर्च केलाच पाहिजे अशी किमान मर्यादाही पदरात पाडून घेतली जाते. इंग्लंडात ऑगस्ट २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या संघांस २५ लाख व चौथ्या श्रेणीच्या संघांस १५ लाख पौंडांची मर्यादा संघांच्या मतदानाने लादली गेली. खेळाडूंच्या संघटनेशी ठरल्या रीतीने विचारविनिमय झाला नाही, म्हणून ती फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादापुढे कोसळली.

आपल्याकडे कमाल आकडा ठरविणारे अनेक. किमान हमीची गोष्ट क्वचितच निघते. २०२५ साली लीगच्या हक्कांचा करार संपत आला आणि पुढील हंगाम अनिश्चित झाला, तेव्हा ऑगस्टमध्ये बंगळूर व चेन्नईच्या संघांनी खेळाडूंचे वेतन थांबविल्याचे जाहीर केले. डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप मुंबईतून निघून गेला. समूहाला अशा वेळी दुसरे शहर असते. पंचविशीतील खेळाडूपाशी मात्र खेळण्याची जेमतेम दहा वर्षे उरलेली असतात, आणि त्यांपैकी एक असे वाया गेले तर ते त्याला कोणत्याही नियमाने परत मिळत नाही.