रिकामी खिडकी

संगणकाकडून चित्र काढवून घेण्याचा पहिला प्रयत्न बहुधा फसतो. तो का फसला, हे शोधण्यात मोठी मौज असते.

समजा, सोनपेठच्या एका विद्यार्थिनीने गोदाकाठचा सूर्योदय पडद्यावर रेखाटण्याचे योजिले आहे. त्यासाठी तिने पायथॉन ही भाषा घेतली. १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेत सर्व व्यवहार ‘वस्तूं’चा असतो. साच्यातून वीट पाडावी, तशी वर्गातून वस्तू निर्माण करावयाची. खिडकी ही एक वस्तू. तिच्यातील चित्रफलक ही दुसरी. टीकिंटर या संचात असे साचे तयार मिळतात.

एखादे नाव चुकीचे लिहिले, तर यंत्र तेथेच थांबते व संदेश देते. त्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी. चूक कोणत्या प्रकारची आहे, हे तीत सांगितलेले असते. बोलकी चूक ही उपकारकच म्हणावयाची.

खरी कसोटी लागते ती मुक्या चुकीपाशी. आपल्या विद्यार्थिनीची खिडकी उघडली. पण ती रिकामी! यंत्राची तक्रार काहीच नाही. अशा वेळी सारे पुसून नव्याने लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि एकेक शंका तपासावी. फलक निर्माण तरी झाला आहे काय? त्याची रुंदी छापण्याची आज्ञा दिली, तो ४०० हा अंक उमटला. म्हणजे फलक यंत्राच्या स्मृतीत आहे. त्याला खिडकीत जागा मात्र मिळालेली नाही. जागा देणारी ‘पॅक’ ही क्रिया तिने लिहिली होती, परंतु तिच्यापुढील कंस राहून गेला होता. कंसाविना तो क्रियेचा नुसता उल्लेख ठरतो. कंस दिला की आज्ञा होते. शिपायाला ‘घंटा वाजव’ असे न सांगता केवळ ‘घंटावादन’ म्हणावे, तसेच हे झाले. शिपाई उभाच राहणार, आणि त्यात त्याचा दोषही नाही!

कंस घातला आणि चित्र उमटले. पण सूर्य नदीच्या पात्रात बुडालेला! फलकाची उंची ३००. भूमितीच्या सवयीने तिने सूर्याचे केंद्र तळापासून २५० अंतरावर मानले होते. पडद्यावर मात्र मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून, खालच्या दिशेने होते. म्हणून ३०० मधून २५० वजा करून ५० हा अंक द्यावयास हवा. सूर्य आणखी वर चढवावयाचा असेल, तर हा अंक थोडाथोडा कमी करीत जावे लागेल.