संगणकप्रणाली: आधी निदान, मग उपचार

काही वर्षांपूर्वी आम्ही आमचे चिकित्सालय व औषधालय यांसाठी संगणकप्रणाली करवून घेतली. देयके अचूक निघू लागली आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे एका उत्पादकाने चूर्णाची एक बॅच परत मागविली, तेव्हा ती कोणकोणत्या रुग्णांस दिली गेली हे प्रणालीस सांगता येईना. बॅच क्रमांक खरेदीच्या नोंदीत होता, रुग्णपत्रकात नव्हता. जुन्या वह्या चाळून आणि दूरध्वनी करून आम्हांस रुग्ण शोधावे लागले. दोष संगणकाचा नव्हता. निदानापूर्वीच आम्ही उपचार आरंभिला होता.

माहितीप्रणालीच्या निर्मितीत विश्लेषण, आराखडा व उभारणी असे प्रमुख टप्पे असतात. विश्लेषण दोन दृष्टींनी करता येते. पहिली प्रवाहाची: नोंदणीपासून औषध हाती पडेपर्यंत कोणती माहिती कोठून कोठे जाते? दुसरी घटक व त्यांचे परस्परसंबंध पाहण्याची. तिची मांडणी पीटर चेन यांनी १९७६ मध्ये केली. रुग्ण, औषध, बॅच हे घटक. ‘या रुग्णास या बॅचमधील औषध दिले’ हा संबंध. आमच्या आराखड्यातून नेमका हाच संबंध निसटला होता.

उभारणीच्याही दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत प्रत्येक टप्पा संपवूनच पुढे जावयाचे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये हा क्रम वर्णन करतानाच, चाचणी अखेरीस ठेवणे धोक्याचे असल्याचे बजावले होते. दुसरीत लहान भाग उभारावयाचा, वापरून पाहावयाचा, सुधारावयाचा आणि मग पुढचा घ्यावयाचा. २००१ मध्ये सतरा तज्ज्ञांनी प्रसृत केलेल्या ‘अजाइल’ घोषणापत्राचा रोख हाच आहे. देयकांसारख्या ठरीव कामास पहिली पद्धत चालते. रुग्णपत्रकात मात्र प्रकृती, अनुपान, पथ्य यांची नोंद प्रत्येक वैद्य आपल्या रीतीने करतो. तेथे दुसरी श्रेयस्कर. व्याधिनामांसाठी आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ संकेतावलीची जागा आरंभीच ठेवावी.

व्यावसायिक बंधुभगिनींस आमची विनंती इतकीच, की करार करण्यापूर्वी प्रणालीस विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहावेत. ‘ही बॅच कोणास दिली?’, ‘येत्या तीन महिन्यांत कोणत्या औषधांची मुदत संपते?’ प्रत्येक उत्तरासाठी कोणती नोंद लागेल आणि ती कोण करील, हे ठरवावे. या चर्चेस औषधे देणाऱ्या सहकाऱ्यासही बसवावे. प्रत्यक्ष नोंद त्यालाच करावयाची असते.