शेताचा कर्बहिशेब आणि तंजावूरचे दप्तर

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय अभ्यासकांना परिचित आहे ते संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांसाठी. परंतु भोसले राजवटीने मागे ठेवलेले मोडी दप्तर हे काव्य-नाटकांहून निराळे असे वाङ्मय आहे. त्यात राजवाड्याचा खर्च आहे, छत्रांचे हिशेब आहेत, गावे, धान्य आणि देणी यांच्या नोंदी आहेत. जमिनीतून काय आले, कोणाला किती गेले आणि बाकी काय राहिली, हे तमिळ प्रदेशात मराठीतून लिहिले गेले. आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा निराळाच हिशेब मांडला जाऊ लागला आहे. तो कर्बाचा हिशेब होय. या विषयावरील डॉक्टरेटच्या प्रबंधाला कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, हे पाहिले असता जुन्या दप्तराशी असलेले त्याचे नाते ध्यानात येते.

भाताच्या खाचरात पाणी सतत साचून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो आणि सेंद्रिय द्रव्य कुजताना मिथेन वायू निर्माण होतो. शंभर वर्षांच्या मुदतीत जीवजन्य मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती, वजनास वजन घेता, कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट मानली जाते. खाचर मधूनमधून सुकू दिल्यास मिथेन घटतो. कर्बशेतीचे अर्थशास्त्र या घटीवर, तसेच मातीत साठणाऱ्या सेंद्रिय कर्बावर उभे आहे. जो वायू बाहेर पडला नाही त्याचे टन मोजावयाचे आणि ते विकावयाचे, असा हा व्यवहार आहे.

हिशेबाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत दक्षिण आशियासाठी हेक्टरी दररोज ०.८५ किलो मिथेन हा मूलांक दिला आहे. पीक ११० दिवस पाण्यात राहिले असे धरल्यास ९३.५ किलो मिथेन होतो. अनेकदा पाणी काढणाऱ्या शेतास ०.५५ हा गुणक लागतो. म्हणजे सुमारे ४२ किलोंची बचत होते आणि २७ ने गुणल्यास ती सुमारे १.१ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतकी ठरते. टनास ५०० रुपये भाव गृहीत धरला, तर हेक्टरी प्राप्ती साडेपाचशे रुपयांच्या आसपास राहते. शेत सुकविताना नायट्रस ऑक्साइड वाढतो, तो यातून वजा करावा लागतो. मोजणी, तपासणी व नोंदणी यांचा खर्चही याच रकमेतून निघावयाचा असतो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता हा धंदा भाताच्या नव्हे, तर हिशेबाच्या खर्चावर तरतो किंवा बुडतो.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बचत मोजावयाची ती कशाच्या तुलनेत? येथे 'आधारस्थिती' ठरवावी लागते, म्हणजे योजना नसती तर काय घडले असते, हे सांगावे लागते. कावेरीच्या मुखप्रदेशात हे सोपे नाही. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून आहे. पण अनेक वर्षी पाणी उशिरा आले आहे. पाळीने पाणी मिळणारे शेत आपोआपच अधूनमधून सुकते. अशा सुकण्याला शेतकऱ्याने केलेली बचत म्हणता येईल काय? उलट सांबा हंगामात ईशान्य मोसमी पाऊस खाचरे भरून टाकतो, तेव्हा इच्छा असूनही ती सुकविता येत नाहीत. आधारस्थिती हे गतकाळाविषयीचे विधान आहे, आणि गतकाळाविषयीच्या विधानाला पुरावा लागतो.

मोडी दप्तराची उपयुक्तता येथे आहे आणि मर्यादाही. त्यातून मातीतील कर्बाचे प्रमाण मिळणार नाही. शिवाय १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला व महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. त्यामुळे त्यानंतरचे राजवाड्याचे कागद म्हणजे अवघ्या जिल्ह्याचा हिशेब नव्हे. तथापि एकच शेत, एकच पीक यांवर किती जणांचे हक्क बसलेले असतात, हे असे कागद शिकवितात.

कर्बहिशेबाच्या प्रबंधात बहुधा दुर्लक्षित राहतो तो हाच मुद्दा. तंजावूरकडे उत्पन्नाचे मेलवारम् म्हणजे वरचा वाटा आणि कुडिवारम् म्हणजे कसणाऱ्याचा वाटा असे भाग पडत. मिरासदार, कूळ आणि पण्णैयाळ म्हणजे बांधलेला शेतमजूर यांच्यातील झगडा या वाटणीचाच होता. १९५२ साली तंजावूरच्या कुळांच्या व पण्णैयाळांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. तरीही २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या तंट्यातून दलित मजुरांच्या कुटुंबांतील ४४ माणसे जाळली गेली. इंदिरा पार्थसारथी यांच्या 'कुरुदिप्पुनल' या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त तमिळ कादंबरीला हीच पार्श्वभूमी आहे. आता जमिनीतून कर्ब नावाचे नवे उत्पन्न निघत आहे. ते सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर नाव असलेल्याचे, तोंडी करारावर कसणाऱ्याचे, की बांधावर उभे राहून पाणी फिरविणाऱ्या मजुराचे? भारतात कर्बपत व्यापार योजना २०२३ साली अधिसूचित झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषिक्षेत्रातील स्वेच्छा कर्बबाजाराची रूपरेषा केंद्र शासनाने प्रसिद्ध केली. म्हणून हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचा संबंध येथे भाषेच्या वाटेने येतो. जमा, खर्च, बाकी हे शब्द शेतकऱ्याला कळत होते, तरी ज्या लिपीत व भाषेत तंजावूरचे दप्तर लिहिले गेले ती तमिळ कुळाला वाचता येत नव्हती. आधारस्थिती, अतिरिक्तता, गळती, स्थायित्व या नव्या हिशेबाच्या संज्ञाही परभाषेतूनच येत आहेत, आणि करारावर अंगठा किंवा सही मात्र शेतकऱ्याची असते. 'गळती' म्हणजे कालव्याची गळती नव्हे, तर एका शेतातील घट दुसऱ्या शेतात वाढ होऊन निघणे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. मोडी कागदांची तमिळ भाषांतरे तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केली, ती मूळ व्यवहार होऊन गेल्यावर शतकाहून अधिक काळाने. कर्बाच्या कराराचे भाषांतर इतका काळ थांबू शकत नाही. ते सहीच्या आधी व्हावयास हवे.